खदानीतले पाणी आणि पाठीवरची हवा

खडी क्रशर बंद पडून काही पावसाळे उलटले, की खदानीचे रूप पालटते. डंपरच्या चाकोऱ्यांमध्ये बाभळी उगवतात, कडेला कपडे धुण्यासाठी सपाट दगड मांडले जातात आणि ज्या खड्ड्यात एके काळी सुरुंगांचे आवाज घुमत होते, तेथे हिरवट निळे, आरशासारखे स्थिर पाणी साठून राहते. आमच्या गावाबाहेर अशी एक खदान आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, आम्ही पोरे तिच्या काठाशी घुटमळू लागलो की म्हशी राखणारे आप्पा लांबूनच ओरडत, “पानी भलतं खोल शे भो, जाऊ नको.” तेव्हा आप्पांचा राग येई. पुढे वाचनात आले की इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनीत लोक अशाच खदानींत उतरण्यासाठी पैसे मोजतात, पाठीला हवेची टाकी बांधून अर्धा-पाऊण तास तळाशी फिरतात आणि हसत वर येतात. आपल्याकडे पट्टीचे पोहणारे ज्या पाण्यात बुडतात, तशाच पाण्यात तिकडे नवशिक्यांचे वर्ग भरतात. यामागचे कारण असे की खदानीचे जे गुण पोहणाऱ्याच्या जिवावर उठतात, नेमके तेच गुण तयारीने उतरणाऱ्या डायव्हरच्या उपयोगी पडतात. ते गुण कोणते आणि ती तयारी कोणती, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम हे पाणी येते कोठून, ते पाहू. खानदेशाचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापलेला आहे. हा दगड एकसंध दिसत असला तरी त्यात उभ्या-आडव्या भेगा असतात, आणि लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीसारखा पट्टा आढळतो. विहीर खोदताना झरा लागतो तो बहुधा अशाच भेगांतून किंवा थरांच्या सांध्यांतून. खदान भूजलाच्या पातळीखाली गेली की तिचीही मोठी विहीर होते. काम चालू असते तोवर मोटार लावून पाणी उपसले जाते. काम थांबले की मोटार थांबते आणि खड्डा आसपासच्या विहिरींच्या पातळीपर्यंत हळूहळू भरत जातो. पावसाचे पाणी त्यात भर घालते, परंतु नदी किंवा नाला सहसा त्यातून वाहत नाही, म्हणून प्रवाह नसतो, भोवरा नसतो आणि पाणी जागच्या जागी राहिल्याने त्यातील माती तळाशी बसण्यास वेळ मिळतो.

तलाव आणि खदान यांच्यातला मुख्य फरक काठाचा आहे. तलावाचा काठ उतरता असतो. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला लागत जाते आणि परत फिरण्याची संधी प्रत्येक पावलाला मिळते. खदानीचा काठ सुरुंगाने तोडलेला असतो. मोठ्या, नियोजनबद्ध खाणीत दगड टप्प्याटप्प्याने काढतात आणि प्रत्येक टप्प्यावर रुंद पायरी राखतात, तिला कामगार बेंच म्हणतात. लहान खदानीत मात्र तेवढी जागा सोडणे परवडत नाही, त्यामुळे भिंत सरळ खाली उतरते. पाण्याखाली झाकलेल्या अशा बेंचवर एखादा मुलगा छातीभर पाण्यात निर्धास्त उभा असतो आणि पुढच्या पावलाला त्याच्या पायाखाली दहा-पंधरा मीटर पाणी असते. भिंतीवर शेवाळ धरलेले असल्याने हाताला पकड मिळत नाही, म्हणून पोहता येणारा माणूसही काठापासून हातभर अंतरावर दमून बुडू शकतो. उलट डायव्हिंग शिकवणाऱ्याला अशी बेंच वर्गातील फळ्याइतकी सोयीची वाटते, कारण सहा मीटरवर एक सपाट ओटा, वीस मीटरवर दुसरा आणि त्याखाली तळ, अशी रचना असली की विद्यार्थ्याला गुडघे टेकवून सराव देता येतो आणि त्याच्या तयारीप्रमाणे एकेक पायरी खाली नेता येते.

इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातील स्टोनी कोव्ह हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. ही मुळात ग्रॅनाइटची खाण. १९५८ मध्ये काम थांबले, झऱ्यांच्या पाण्याने ती भरली आणि पुढे उत्तर समुद्रातील तेलविहिरींवर काम करणाऱ्या व्यावसायिक डायव्हरांचे प्रशिक्षण तेथे होऊ लागले. आज तिथली सर्वाधिक खोली सुमारे ३५ मीटर आहे, आणि डायव्हरांना पाहण्यासारखे काही असावे म्हणून एक जुनी टगबोट मुद्दाम बुडवून ठेवलेली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील डच स्प्रिंग्ज ही सिमेंटसाठी चुनखडी काढलेली खाण. तिच्या तळाशी शाळेची बस, अग्निशमन गाडी आणि एक हेलिकॉप्टरसुद्धा उतरवलेले होते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाला लाटा, भरती-ओहोटी आणि बोटीचा खर्च टाळून शिकता यावे, एवढाच या खटाटोपाचा मूळ हेतू आहे. भुसावळच्या माणसाला तो लगेच पटावा.

आता पाण्याखाली माणसाचे काय होते, ते पाहू. त्यासाठी घागरीचे उदाहरण पुरेसे आहे. रिकामी घागर उपडी धरून, दोराला वजन लावून, सरळ खोल पाण्यात सोडली असे समजा. पृष्ठभागावर ती हवेने पूर्ण भरलेली आहे. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे एका बारने, वाढतो. त्यामुळे १० मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो आणि घागरीतील हवा आकसून निम्म्या घागरीत मावते. २० मीटरवर ती एक-तृतीयांश उरते आणि ३० मीटरवर पाव. घागर वर ओढली की तीच हवा फुगत फुगत पुन्हा घागरभर होते. दाब आणि आकारमान यांचा हा हिशेब रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडला आणि डायव्हिंगचे निम्मे नियम त्यातूनच निघतात. या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो. शेवटच्या दहा मीटरांत, म्हणजे वीसवरून तीसवर जाताना, हवा तिसऱ्या हिश्शावरून चौथ्या हिश्शावर येते. पहिल्या दहात मात्र ती थेट निम्मी होते. म्हणून उथळ पाणी म्हणजे बिनधोक पाणी, हा समज डायव्हिंगमध्ये उपयोगाचा नाही.

आपल्याकडची बहुतेक मुले शेतातल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात, आणि तेथे शौर्य मोजले जाते ते दम किती वेळ रोखून धरता येतो यावर. तळातला दगड आणून दाखवणारा मुलगा गावात मान मिळवतो. त्या मुलाची छाती म्हणजे वर सांगितलेली घागरच आहे: वरून घेतलेला श्वास खाली जाताना आकसतो आणि वर येताना मूळ मापावर परततो, म्हणून फुप्फुस ताणले जाण्याचा प्रश्न येत नाही. टाकीतून श्वास घेणाऱ्याचे गणित याच्या अगदी उलट असते. त्याच्या तोंडातील रेग्युलेटर आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने हवा देतो. तसे नसते तर छातीवर पाण्याचा भार असताना श्वास ओढताच आला नसता. परिणामी १० मीटरवर तो छातीभर जी हवा घेतो, ती पृष्ठभागावर दोन छात्यांइतकी होणार असते. विहिरीच्या सवयीने त्याने दम रोखला आणि तसाच वर आला, तर फुगणाऱ्या हवेला बाहेर पडण्याची वाट मिळत नाही, फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांच्या बाबतीत यासाठी सव्वा मीटरभर चढणेही पुरते. त्यामुळे स्कूबाचा, म्हणजे टाकीच्या हवेवर केलेल्या डायव्हिंगचा, पहिला नियम खोलीचा किंवा वेळेचा नसून असा आहे: श्वास कधीही रोखू नये.

हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला विलक्षण अवघड आहे, याचा अनुभव मी मालवणच्या समुद्रात घेतला. सहा-सात मीटरवर गेल्यावर समोरून एक मासा गेला आणि तो नीट दिसावा म्हणून मी नकळत दम धरला. सोबतच्या प्रशिक्षकाने तत्काळ माझ्या छातीवर दोन बोटे टेकवली, स्वतःच्या तोंडातून बुडबुड्यांची सरळ माळ सोडून दाखवली आणि माझे बुडबुडे सुरू होईपर्यंत बोटे हलवली नाहीत. वर आल्यावर तो म्हणाला, “विहिरीत शिकलात ना?” त्याला ते कळले कसे, हे विचारण्याची गरज उरली नव्हती.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो, हा आपल्याकडचा सार्वत्रिक गैरसमज आहे. तिच्यात साधी, गाळलेली, कोरडी हवा दाबून भरलेली असते, तीच जी आपण आता घेत आहोत. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरपेक्षा खोल गेल्यास शरीराला विषारी ठरू लागतो आणि पाण्यातच आकडी येऊ शकते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने हवा भरली, तर ती बाहेरच्या मापाने २४०० लिटर होते; तिचे वजनच तीन किलोच्या आसपास भरते. शांतपणे पोहणाऱ्याला मिनिटाला सुमारे २० लिटर हवा लागते असे धरू. पृष्ठभागावर ही टाकी दोन तास पुरेल. परंतु २० मीटर खोलीवर प्रत्येक श्वास तिप्पट दाट हवेचा असल्याने मिनिटाला ६० लिटर हवा जाते, म्हणजे टाकी ४० मिनिटांतच रिकामी होईल. तीही शेवटपर्यंत वापरायची नसते. ५० बार हवा राखीव ठेवून वर यायचे हा प्रघात आहे, त्यामुळे हाती उरतात ती जेमतेम ३० मिनिटे. घाबरलेला किंवा थंडीने कुडकुडणारा माणूस याच्या दुप्पट हवा सहज खातो, आणि मग १५ मिनिटांत काटा लाल पट्ट्यावर येतो. डायव्हर पाण्याखाली सतत मनगटाकडे आणि दाबमापकाकडे पाहताना दिसतात, ते याच हिशेबासाठी. हे उपकरण आज सोपे वाटते. पण मागणीनुसार हवा देणारा यशस्वी रेग्युलेटर १९४३ मध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ या फ्रेंच जोडीने तयार केला, तोवर पाणबुड्याला बहुतेक वेळा वरून हवा पुरवणाऱ्या नळीला बांधून काम करावे लागत असे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो शरीरात येतो आणि तसाच परत जातो, पण दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळत राहतो. उदाहरण गोटी सोड्याचे. बाटली बंद असते तोवर आतले पाणी शांत दिसते. गोटी दाबली की दाब एकदम उतरतो आणि बुडबुडे उसळतात. खोलवर बराच वेळ राहून झपाट्याने वर आलेल्या माणसाच्या सांध्यांत, पाठीच्या कण्यात हेच घडते, आणि त्याला डीकम्प्रेशनचा आजार म्हणतात. यावरचा उपाय म्हणजे गोटी अगदी हळू सैल करणे: मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेगाने वर यायचे नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. तळाशी किती वेळ राहायचे यालाही मर्यादा आहे. प्रचलित तक्त्यांनुसार १८ मीटरवर ती तासाभराच्या आत असते आणि ३० मीटरवर साधारण २० मिनिटांवर येते. त्याच सुमारास नायट्रोजनची आणखी एक खोड दिसू लागते: ३० मीटरच्या आसपास माणसाला किंचित नशा चढल्यासारखे होते आणि काटा पाहूनही आकडा डोक्यात शिरत नाही.

खदानीचे पाणी एकजीव नसते, हे विहिरीत डुंबलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात वरचे दोन-तीन हात पाणी कोमट लागते आणि पाय खाली सोडले की एकदम गार. गरम पाणी हलके असल्याने वर तरंगते आणि वारा लागत नसल्याने दोन्ही थर मिसळत नाहीत. त्यांच्यामधल्या सीमेला डायव्हर थर्मोक्लाइन म्हणतात. थंड देशांत या सीमेखाली पाणी चार अंशांपर्यंत उतरते, कारण त्या तापमानाला पाणी सर्वांत जड असते. आपल्याकडे इतकी थंडी नाही. भूजलाचे तापमान वर्षभराच्या सरासरी हवामानाजवळ राहते. तरीही पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता काढून घेते, म्हणून अर्ध्या तासाच्या मुक्कामासाठी वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, लागतोच. खालच्या थराची दुसरी गंमत, किंवा अडचण म्हणा, अशी की तेथे पालापाचोळा कुजत राहतो, ऑक्सिजन संपतो आणि सडक्या अंड्याचा वास असलेला वायू विरघळून राहतो. पौष-माघातल्या थंड रात्रींत वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली बसते आणि सगळे पाणी ढवळले जाते. एखाद्या सकाळी खदानीत मासे मरून तरंगताना दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच ढवळणे असते.

पाण्याखाली किती लांबचे दिसावे, यावर डायव्हिंगचा आनंद आणि धोका दोन्ही अवलंबून असतात. आपल्याकडे या बाबतीत काळी माती आडवी येते. कपाशीला मानवणाऱ्या या मातीचे कण इतके बारीक असतात की पावसाबरोबर खदानीत उतरल्यावर ते आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. त्यामुळे पावसाळ्यात आणि नंतरही बराच काळ पाणी गढूळ असते, हिवाळ्याच्या अखेरीस निवळते आणि उन्हाळ्यात शेवाळाने पुन्हा हिरवे होते. निवळ दिसणाऱ्या पाण्याचाही भरवसा धरता येत नाही, कारण दगड फोडताना उडालेली भुकटी तळावर पिठासारखी बसलेली असते. पायातल्या फिनचा एक चुकीचा फटकारा बसला, की ती उसळते आणि पाच मीटरवरचा सोबती दिसेनासा होतो. स्वतःचा दाबमापक काचेला टेकवूनही वाचता येत नाही. अशा वेळी जागीच थांबून, हाताने मार्गदोर धरून, दोराच्या आधारानेच परतायचे असते. दोर लावलाच नसेल तर वर कोणत्या दिशेला आहे, हेसुद्धा बुडबुड्यांच्या स्पर्शावरून ओळखावे लागते. आवाजही मदतीला येत नाही. पाण्यात तो हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो, म्हणून हाक कोठून आली ते कळत नाही.

तळाशी काय पडले आहे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. तुटलेले तारदोर, बाभळीच्या फांद्या, टायर, मासेमारीची जाळी यांत टाकीचा नळ अडकू शकतो. जेथे गणेश विसर्जन खदानीत होते, तेथे पाण्याखाली मूर्तींचे काथ्याचे आणि लोखंडी तारांचे सांगाडे उरतात. कोल्हापूरची इराणी खाण अशा विसर्जनासाठी प्रसिद्ध आहे. पाण्याचा रंग हाही निकष नव्हे. इंग्लंडमध्ये बक्सटनजवळच्या हार्पर हिल येथील खाणीचे पाणी इतके सुंदर निळे होते की लोक सहलीला येत; प्रत्यक्षात चुन्याच्या भट्टीच्या राखेमुळे ते ब्लीचच्या जवळ जाईल इतके दाहक झालेले होते. फलक लावूनही लोक ऐकेनात, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या प्रशासनाने पाण्यात काळा रंग ओतला. मला हा उपाय फार आवडतो.

गोड्या पाण्याचा एक लहानसा फायदा जाता जाता नोंदवतो: समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने तेथे शरीर अधिक तरंगते. साहित्यासह शंभर किलोच्या डायव्हरला खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचे शिसे खदानीत दोन-अडीच किलो कमी लागते. समुद्रात जुळवलेला पट्टा तसाच बांधून खदानीत उडी घेणारा मात्र दगडासारखा खाली जातो.

यावरून तयारीचा अर्थ लक्षात यावा. जागेच्या मालकाची परवानगी, वजन बांधलेल्या दोराने ठिकठिकाणी मोजलेली खोली, पाण्याची तपासणी, वर येण्यासाठी पक्की शिडी, तळापर्यंत सोडलेला मार्गदोर, प्रत्येकाला एक सोबती आणि काठावर कोण केव्हा उतरला याची वही, एवढे झाल्याशिवाय टाकीला हात लावायचा नसतो. यांपैकी काहीही नसलेल्या खदानीत कोणी बुडू लागला, तर काठावरच्याने उडी घेऊ नये. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला खाली दाबतो, आणि एकाच्या जागी दोघे जातात. दोर, साडी, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. प्रशिक्षितांनाही पाणी सूट देत नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना धुळ्याहून गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. ते वाहते पाणी होते. खदानीत प्रवाह नसतो, तरी शोध घेणाऱ्याला गाळ, अंधार आणि तारा यांच्याशीच झुंजावे लागते.

राहता राहिली उंचीची गोष्ट. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने डायव्हिंगचे तक्ते बदलावे लागतात. जळगाव शहर सुमारे २०० मीटरवर असल्याने तेथे नेहमीचे तक्ते चालतील. मात्र खदानीत खोल उतरून त्याच संध्याकाळी तोरणमाळचा घाट चढणे म्हणजे शरीरातली गोटी पुन्हा दाबणे होय. खरी पंचाईत उपचारांची आहे. डीकम्प्रेशनच्या रुग्णाला दाबाच्या बंद खोलीत ठेवून उपचार करतात. अशी सोय मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. जळगाव-धुळ्याहून नाशिकमार्गे मुंबईला जाताना रस्ता इगतपुरीपाशी सुमारे ६०० मीटर उंची गाठून मग कसारा घाट उतरतो, म्हणजे रक्तात आधीच बुडबुडे असलेला माणूस चारशे मीटर आणखी वर नेला जातो आणि बुडबुडे आणखी फुगतात. म्हणून असा रुग्ण हलवताना त्याला पहिल्या मिनिटापासून मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो. पाठीवरच्या टाकीत जो नसतो, तो ऑक्सिजनचा सिलिंडर काठावर, शिडीच्या शेजारी, भरलेला असावा लागतो.